लिफ्टताईची कॅप्सूल

लिफ्टताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं त्या सात मजली कचेरीत कुणी नव्हतं. ते नाव पगाराच्या कागदावर असायचं, तेवढंच. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती लिफ्टताई. अडतीस वर्षं तिने एकच काम केलं. जाळीचं दार ओढायचं, पितळी दांडा फिरवायचा, माणसं वर न्यायची आणि खाली आणायची. लिफ्ट जुन्या जमान्यातली, बटणांची नव्हे, दांड्याची. दांडा सोडायला जरा उशीर झाला की ती मजल्याच्या चार बोटं वर जाऊन थांबणार आणि उतरणारा ठेचकाळणार. ताईच्या हातून असं कधी झालं नाही. "मजला आला की मला पोटात कळतं," असं ती सांगायची, आणि खोटं कशाला बोला, कळतही असेल.

आत एक स्टूल, एक गुरगुरणारा पंखा आणि तिची जीभ. दोन मजल्यांच्या अंतरात ती माणसाची चौकशीही करायची आणि फिरकीही घ्यायची. "काय हो, शर्टाला इस्त्री नाही आज? भांडण झालेलं दिसतंय घरी." समोरचा उत्तर जुळवेपर्यंत त्याचा मजला आलेला असायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "चांगले चांगले आले हो लिफ्टमध्ये, पण सगळे आपापल्या मजल्यावर उतरून गेले."

लग्न न करण्याचं खरं कारण होतं चिंगी. चिंगी म्हणजे तिची धाकटी बहीण. आई-वडील वर्षभराच्या अंतराने गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि चिंगी सहा. ताईने लिफ्टची नोकरी धरली, चिंगीला शिकवलं, वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. सासरी पाठवताना एवढंच म्हणाली, "जा बाई एकदाची, माझी अर्धी खोली मोकळी झाली." आणि त्या मोकळ्या झालेल्या अर्ध्या खोलीत पुढे वीस वर्षं तिने काही म्हणता काही ठेवलं नाही.

चिंगी आता चव्वेचाळीस वर्षांची. एका मोठ्या मेडिकल दुकानात सोळा वर्षं काउंटरवर उभी. दुकानात सगळे म्हणायचे, डिग्री मालकाची आणि जीभ चिंगीची. ती जीभ ताईकडूनच आलेली. समोर आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणं तिला अपमान वाटायचा. आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. टॉनिक असो, व्हिटॅमिन असो, हाडांची पावडर असो, दुकानात जो माल पडून असेल तो गिऱ्हाइकापुढे ठेवायचा, जरा पुढे वाकायचं, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "बाकीचं एखाद्या वेळी राहिलं तरी चालेल, पण ही चुकवायची नाही हं." ते 'हं' फार कामाचं होतं. माणसाला वाटायचं, ही बाई घरच्यासारखं सांगतेय. मालक नव्या पोरींना सांगायचे, "चिंगीताईंचं ऐका, कसं बोलतात ते शिका." यात काही वावगं आहे असं चिंगीच्या मनात कधी आलं नाही. काउंटरवर सगळेच असं बोलतात.

दीड वर्षापूर्वी ताईला दम लागायला लागला. दिवसभर लिफ्टमध्ये बसणारी बाई, तिला घरचे दोन जिने चढवेनात. पाय संध्याकाळी असे सुजायचे की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं पंपिंग कमी झालंय, निम्म्याच्याही खाली. घाबरू नका, पण गोळ्या आता कायमच्या. पाच गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक लघवीची. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, ते ही गोळी बाहेर काढते, रोज सकाळी घ्यायची, असं त्यांनी दोघींना समजावून सांगितलं.

चिंगी रडली ती दवाखान्याच्या बाहेर येऊन. ताई म्हणाली, "अगं, निम्मं तरी चालतंय ना? सरकारी ऑफिसात निम्मं चालतं म्हणजे उत्तम चालतं."

त्या दिवसापासून चिंगीच्या जिवाला एकच ध्यास लागला. ताईला रिटायर व्हायला दोन-अडीच वर्षं होती. तोवर तिला सांभाळायचं आणि मग कायमचं आपल्या घरी आणायचं. जिने नाहीत, लिफ्ट नाही, तळमजला. पुढची खोली तिने आत्ताच रिकामी करून ठेवली होती. खिडकीला लागून पलंगही टाकला होता. जन्मभर जिने आपल्याला दिलं, तिला म्हातारपणी पाच-दहा वर्षं हातावर झेलायचं. बस, एवढंच तिला हवं होतं. नवऱ्याला तिने बजावून सांगितलं होतं, "ताई आली की टीव्हीचा रिमोट तिच्याकडे. आधीच मनाची तयारी करा."

मग ती कॅप्सूल आली. औषध कंपनीचा माणूस दुकानात आला, त्याने काउंटरवर रंगीत तक्ता पसरला. शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक छोटी भट्टी असते, ती ताकद तयार करते. त्या भट्टीला लागतं ते हे को-एन्झाइम. वय वाढलं की शरीरात ते कमी होतं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही कमी होतं. आणि सगळ्यात जास्त भट्ट्या कुठे? तर हृदयात, कारण त्याला सुट्टीच नाही. चिंगीने आजवर असले शंभर तक्ते पाहून न पाहिल्यासारखे केले होते. हा मात्र ती बघत राहिली. सुट्टी नसलेलं हृदय म्हटल्यावर तिला दुसरं कुणी आठवेचना.

तिने परस्पर काही केलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या तपासणीला गेल्यावर ताई कपडे नीट करत होती, तेवढ्यात तिने डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं. ते म्हणाले, "द्या की. कुणाकुणाला थोडा फायदा होतो असं दिसतं, त्रास फारसा नाही. पण बाकीच्या गोळ्यांच्या जोडीला हं. त्यांच्या जागी नाही."

त्या रविवारी चिंगी नारिंगी कॅप्सुलांची बाटली घेऊन ताईकडे गेली. ताईला गोळ्यांचा मनस्वी तिटकारा. पाच कमी होत्या म्हणून सहावी आणलीस का, म्हणून तिने तोंड वाकडं केलं. आता हिला पटवायचं कसं? चिंगी जरा पुढे वाकली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "ताई, बाकीच्या एखाद्या वेळी राहिल्या तरी चालेल, पण ही चुकवायची नाही हं."

सोळा वर्षांची सवय. जिभेवरून घसरलं आणि गेलं. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

ताईने ते वाक्य मात्र उराशी धरलं. कॅप्सूल रोज, न चुकता, साडेनऊच्या ठोक्याला, लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत. "माझ्या बहिणीने दिलीय. हार्टची भट्टी पेटती राहते." बघता बघता अर्धी कचेरी ती कॅप्सूल खायला लागली. हिशेब खात्यातले दोघे, चौथ्या मजल्यावरची टायपिस्ट, एवढंच काय, साहेबांनी शिपायाला चिठ्ठी देऊन चिंगीच्या दुकानात पाठवलं. मालक खूश. ताई म्हणायची, "अगं, मला कमिशन दे, मी वर जातानाही विकते नि खाली येतानाही विकते." आणि तिला बरंही वाटत होतं, निदान ती तसं सांगायची. महिना संपला की बाटली बरोबर रिकामी. चिंगी ती रिकामी बाटली हातात घेऊन बघायची आणि तिला भरून पावल्यासारखं व्हायचं. दुकानात परकं गिऱ्हाईक औषध न्यायला आठ दिवस उशिरा आलं तर ती लगेच विचारायची, "मधे गोळ्या घेतल्या नाहीत वाटतं?" बहिणीच्या बाबतीत ही परीक्षा लागूच पडत नव्हती, कारण तिच्या पाचही गोळ्या दर महिन्याला चिंगी स्वतःच पिशवीत घालून न्यायची. संपल्या का, हे विचारायची वेळच येत नव्हती. बाटली तेवढी ती बघायची. आणि रविवारी तर ताई तिच्यासमोरच सगळ्या गोळ्या घ्यायची, पाणी पिऊन, जीभ दाखवून, लहान मुलीसारखी.

मग एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात फोन आला. चौथ्या मजल्यावरची टायपिस्ट बोलत होती. ताईला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले, लोकांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. लिफ्ट मात्र तिने मजल्याला बरोबर लावली होती, असं त्या बाईने रडत रडत सांगितलं. तेही का सांगितलं कोण जाणे.

चिंगी पोचली तेव्हा ताईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि ती बसल्या बसल्या श्वासाशी झगडत होती. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवीची गोळी चालू होती ना?"

"रोज," चिंगी म्हणाली. "एक दिवस चुकलेला नाही. मी मेडिकलमध्येच आहे, डॉक्टर. मी स्वतः बघते."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. गोळी चालू असून एवढं पाणी साठलं, म्हणजे हृदय फारच ढासळलं असणार, असं ते म्हणाले.

दुपारी कपडे आणायला म्हणून चिंगी ताईच्या खोलीवर गेली. गाऊन कपाटात मिळेना म्हणून तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. गाऊन होता, आणि त्याच्याखाली रबर लावून नीट रचलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा. एक नाही, दोन नाही, चोवीस. सगळ्या लघवीच्या गोळ्यांच्या. बाकीच्या चार गोळ्यांची एकही शिल्लक नव्हती. चिंगी तिथेच फरशीवर बसली.  तिने हाताने परत परत मोजलं, जणू मोजून कमी होणार होत्या. दर महिन्याला फक्त चार गोळ्या पोटात गेल्या होत्या. रविवारच्या. ती समोर असतानाच्या.

ती तशीच उलट पावली धावत हॉस्पिटलात आली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. सकाळी छाती पुढे काढून बोललेलं स्वतःच्या तोंडाने खोडताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "आता कळलं ते बरं झालं. इंजेक्शनने पाणी काढतो. बघू या." त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी बंद करायला सांगितली?" 

शुक्रवारी ताईचा श्वास जरा मोकळा झाला. मास्क काढून नाकाला नळी लावली. तोंड सुटल्याबरोबर तिने वॉर्डातल्या सिस्टरची फिरकी घेतली, म्हणाली, "एवढं पाणी काढलंत, आता नळाचं बिल मला पाठवू नका." चिंगीने तिचे पाय चेपता चेपता हळूच विचारलं, "ताई, लघवीची गोळी का नाही घेतलीस गं?"

ताई जराशी ओशाळली. चोरी पकडली गेल्यासारखी हसली.

"कशी घेऊ? ती गोळी घेतली की अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागतं. बायकांचं बाथरूम तिसऱ्या मजल्यावर, त्याची किल्ली सुपरिंटेंडेंटच्या खणात. लिफ्ट सोडून गेले की घंटा वाजायला लागते, वरून खालून बोंब. पूर्वी बदलीला माणूस असायचा, ती जागाच काढून टाकली. आणि त्या पुरुषांच्या देखत दर अर्ध्या तासाने किल्ली मागायची? सत्तावन्न वर्षांची बाई मी. एकदा वेळेवर पोचले नाही, चिंगे. लिफ्टमध्येच..." ती थांबली. "कुणाला कळलं नाही. स्टूल पुसलं मी. त्या दिवसापासून बंद केली."

"संध्याकाळी घ्यायचीस."

"घेऊन पाहिली. रात्रभर त्या गॅलरीच्या टोकाला फेऱ्या. झोप नाही, दम लागतो." मग ती चिंगीचा हात थोपटत म्हणाली, "आणि मला कुठे काळजी होती? तूच म्हणालीस ना, बाकीची राहिली तरी चालेल, ही चुकवायची नाही. ती नाही हो चुकवली मी. एक दिवस नाही. बाकी कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, पण तू सांगितलंस. तुझं सगळं आयुष्य औषधांत गेलेलं."

 चिंगी उठली, खाली गेली, हॉस्पिटलच्या आवारातल्या बाकावर बसून ढसाढसा रडली. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. आपण हे वाक्य किती जणांना म्हटलं असेल? शेकड्यांनी. त्यातल्या कुणी कुणी आपलं खरं मानलं असेल? पण खरं सांगायचं तर त्या शेकड्यांशी तिला त्या क्षणी काही देणंघेणं नव्हतं. तिला आपली ताई हवी होती. पुढच्या खोलीतल्या पलंगावर पाय पसरून बसलेली, रिमोट हातात घेतलेली.

खरं काय ते ताईला सांगावं की नाही, यावर तिचा जीव दिवसभर टांगणीला लागला. न सांगावं, तर ताई घरी जाऊन पुन्हा तेच करील. सांगावं, तर कोणत्या तोंडाने? नवरा म्हणाला, "आत्ता नको. बरी होऊन येऊ दे." तो समजूतदार माणूस, त्याचं ऐकायला हवं होतं. किंवा नव्हतंही. चिंगीला अजून ते ठरवता आलेलं नाही.

शनिवारी सकाळी ताई उशीला टेकून बसली होती. तोंडावर तुकतुकी होती. चिंगी आत आल्या आल्या ताई म्हणाली, "माझी कॅप्सूल आणलीस का? दोन दिवस झाले. त्यानेच अशी गळून गेलेय मी. सिस्टरला विचारलं तर बाहेरचं काही नको म्हणते. तिला काय कळतंय?"

आणि चिंगीला राहवलं नाही.

"ताई, त्या कॅप्सूलने तू आजारी पडली नाहीस आणि तिने बरीही होणार नव्हतीस. ती नुसती जोडीला होती. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं मला. बाकीच्या चुकल्या तरी चालतील, हे कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी म्हटलं. मनाचं म्हटलं."

"मनाचं म्हणजे?"

"मी सगळ्यांनाच तसं म्हणते. काउंटरवर. प्रत्येक वस्तूला. सवयीने बोलून गेले."

ताई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर चिंगी तिच्या पायावर पडली असती, ताईने चार शब्द सुनावले असते, आणि दोघी रडून मोकळ्या झाल्या असत्या. ती नुसती बघत राहिली, ओळखीचं माणूस नीट दिसत नसल्यासारखी.

"म्हणजे," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्याशी तू गिऱ्हाइकासारखी बोललीस?"

चिंगीने मान खाली घातली. खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाने काम झालं असतं. तिच्यासारखी बोलकी बाई, आणि त्या वेळी तिला तो एक शब्द सुचला नाही. तिने मान डोलावली.

"बरं," ताई म्हणाली. मग पांघरूण वर ओढून घेत म्हणाली, "दमलीस तू. घरी जा. अंघोळ कर, जरा झोप."

"थांबते ना मी."

"जा म्हटलं ना."

ताईने 'जा' म्हटलं की जायचं, हे सहा वर्षांची असल्यापासून तिच्या अंगात मुरलेलं. ती गेली. घरी अंघोळ केली. चार घास बळेच गिळले. पुढच्या खोलीतल्या पलंगावरची चादर बदलली, उशी झटकली. संध्याकाळी जाऊन ताईची नीट समजूत घालायची, तिचं डोकं मांडीवर घ्यायचं, पायही धरायचे, असं ती मनाशी घोकत होती. दोन वाजता फोन आला. हृदयाचा ठेका अचानक बिघडला, आम्ही सगळे प्रयत्न केले, असं डॉक्टर म्हणाले. असं आजारी हृदयाचं होऊ शकतं, त्याला अमुकच एक कारण नसतं, हेही ते म्हणाले. चिंगीने ते ऐकलं आणि तिला ते ऐकूही आलं नाही.

तिने सगळ्यांना विचारलं. सकाळच्या सिस्टरची ड्यूटी संपली होती, तरी तिचा नंबर शोधून तिला फोन केला. काही म्हणाली का हो माझी बहीण? माझं नाव घेतलं का? सिस्टर म्हणाली, एकदा ब्लडप्रेशर बघायला गेले तेव्हा गप्पच होत्या, एरवी किती बोलायच्या. फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

शेवटी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला विचारलं. म्हातारीला कमी ऐकू यायचं, तिच्या कानाशी वाकून विचारावं लागलं.

"तुम्ही गेल्यावर ना? काही नाही बोलल्या. झोपून होत्या."

"रडल्या का?"

"कसं दिसणार? भिंतीकडे तोंड करून होत्या. माझ्याकडे पाठ होती."

"झोप लागली होती का पण? की जाग्याच होत्या?"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "ते काही सांगता येणार नाही बाई."

 चिंगीने खाली वाकून खाटेखालच्या ताईच्या चपला काढल्या आणि पिशवीत घातल्या.